एका रात्रीची अंडी

चतुराबाई एडके दर गुरुवारी मुदखेडहून सकाळच्या पॅसेंजरनं नांदेडला यायची. मांडीवर डालगं, डालग्यात ज्वारीचा भुसा, भुशात अंडी. खिडकीशी बसायची पण बाहेर बघायची नाही. डालग्यावर दोन्ही हात पसरून डोळे मिटायची. झोपली म्हणावं तर ओठ हलत असायचे. हिवाळ्यात त्या गाडीच्या काचांवर धुकं साचतं, बाहेरची शेतं पाण्याखाली गेल्यासारखी वाटतात, आणि त्या धुरकट उजेडात ती अशी बसलेली असायची, की तिकीट तपासणाराही तिला हलवत नसे. हे तिनंच मला सांगितलं. मला पटलं नाही; तिकीट तपासणारा कुणालाही हलवतो.

"माझी पिलं कालेजात हायत," असं ती डब्यात शेजारी बसेल त्या बाईला सांगायची. पुढचं न विचारताच सुरू व्हायचं. कॉलेजच्या इमारतीमागं मोठं अंगण आहे, तिथं लिंबाचं झाड आहे, दुपारी पिलं त्याच्या सावलीला पंख पसरून पडतात, शिकणारी पोरं येता-जाता कण्या टाकतात, आणि घंटा झाली की पिलं दचकून एकमेकांच्या अंगाखाली शिरतात. हे सगळं ती डोळे मिटून सांगायची, सावकाश, समोर दिसतंय तसं. ती कॉलेजच्या फाटकाच्या आत कधी गेली नव्हती.

नवरा रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर पेन्शन सुरू झालं, मुलगी लातूरला नांदायला गेली, आणि मुदखेडजवळच्या खेड्यातल्या बौद्धवाड्यात चतुराबाई आणि तिच्या कोंबड्या एवढंच घर उरलं. कोंबड्या कशाला पाळता, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "सकाळी उठल्यावर कुनीतरी आपल्या आधी बोलून राहिलेलं बरं असतंय." पण कोंबड्यांना ती नावं ठेवायची नाही. नाव ठेवलं की विकता येत नाही म्हणे.

ही अंडी घ्यायला फाटकाशी यायची ती लुंबिनी सोनकांबळे, माझी विद्यार्थिनी. मी नांदेडला प्राणिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले; लुंबिनी आता त्याच विषयात पीएच.डी. करते. तिची आई चतुराबाईच्या गावची, म्हणून चतुराबाई तिची मावशी. "पिलांचा अभ्यास करते," असं लुंबिनीनं तिला सुरुवातीला सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. "कशी हायत गं पिलं?" असं दर गुरुवारी चतुराबाई विचारायची आणि "चांगली आहेत मावशी," असं लुंबिनी म्हणायची. हे मात्र खोटं होतं, कारण पिलं नव्हतीच. अंडं दीड दिवस यंत्रात उबवायचं, कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, आतला गर्भ बघायचा, आणि तिथंच थांबवायचं. लुंबिनीचा अभ्यास हा होता.

काय बघायचं, तेही सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या वयाचा गर्भ म्हणजे पिवळ्या बलकावर तरंगणारी एक दुधी रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना पेशींचा एकेक सलग पट्टा असतो. त्या पट्ट्याला, डोक्याकडून शेपटीकडे, दर दीड तासानं एक चीर पडते आणि एक तुकडा सुटा होतो. डावीकडे एक, उजवीकडे एक. पुस्तकात त्यांना कायखंड म्हणतात, मी वर्गात सरळ जोड्या म्हणायचे. या जोड्यांतून पुढे पाठीचा कणा घडतो. आता गंमत अशी की ही चीर कुणी पाडत नाही. सुरी नाही, दोरा नाही, वरून हुकूम देणारंही कुणी नाही. पेशी शेजारच्या पेशीला निरोप देते. तो निरोपही सुटा वाहत जात नाही, तो तिच्या अंगालाच चिकटलेला असतो. शेजारणीला स्पर्श झाला तरच तिला कळतो. स्पर्श होतो, अल्याडची पेशी ठरते, पल्याडची ठरते, आणि मग त्याच दोघी एकमेकींपासून हळूच मागं सरतात. मधे एक बारीक अंधारी फट राहते. तीच हद्द.

लुंबिनी काय करायची, तर काही गर्भांवर औषधाचा एक थेंब टाकून तो निरोप अडवायची, आणि काहींना तसंच सोडायची. निरोप अडला की चीर पडते का, पडली तर सरळ पडते का, कुठल्या जोडीपासून बिघडते, एवढं बघायचं. सोपं वाटतं. पण त्यासाठी न छेडलेले गर्भ तरी सगळे एका वयाचे हवेत. तेच होईना. एकाच दिवशी, एकाच यंत्रात ठेवलेल्या अंड्यांत एकात सहा जोड्या निघायच्या आणि शेजारच्यात तेरा. मग औषधानं काय केलं आणि आपोआप काय झालं, हे सांगायचं कसं?

लातूरला तिचे मार्गदर्शक आहेत. त्यांनी आकडे बघून स्वच्छ सांगितलं, की मार्चपर्यंत हे जुळलं नाही तर विषय बदला. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. लुंबिनी माझ्याकडे आली ती डोळे सुजवून. मला रडणं आवडत नाही. मी म्हटलं, "आधी चहा घे आणि मग अंडी कुठून येतात ते सांग."

दुसरीकडून मिळण्यासारखी नव्हती. बाजारातल्या अंड्यांना कोंबडाच माहीत नसतो, त्यांत गर्भ कुठला? चाकूरकडे एक अंडी उबवणी केंद्र होतं, ते बंद पडलं. उरली चतुराबाई. तिला लुंबिनीनं सगळं विचारून झालं होतं. उन्हात ठेवता का? न्हाई माय. चुलीजवळ? न्हाई माय. आणि अंडी यायची ती खरंच दगडासारखी थंड.

त्या गुरुवारी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. चतुराबाई आली, डोक्यावरून शाल, पायांत नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट.

"चतुराबाई, कोंबडीनं घातल्यापासून इथं येईपर्यंत अंडं कुठं कुठं असतं?"

"खुराड्यात, मग शिंकाळ्यात, मग डालग्यात."

"शिंकाळं चुलीच्या वर आहे का?"

"म्याडमबाई, मला येडी समजून राहिल्या का? चूल अंगणात हाय."

"मग आदल्या रात्री कुठं असतात?"

"आदल्या राती कोंबडीखाली. ते काय सांगायचं असतंय?"

लुंबिनीनं माझा दंड धरला. मी तिचा हात सोडवला.

"कुठल्या कोंबडीखाली?"

"जी खुडूक बसली आसंल तिच्या. अवो, दुसऱ्याच्या घरी उबवायला अंडं द्यायचं तर कोरं देत्यात का? माझी माय न्हाई द्यायची. एक रात आपल्या कोंबडीखाली ठिवायचं. मंग पिलू कुठंबी निघू द्या, घरचा आवाज वळखतंय." तिनं डोळे मिटले. "कोंबडी रातभर पोटातल्या पोटात बोलत असती. बारीक. कान लावला तर ऐकू येतंय. ते समदं अंड्यात जातंय."

मला हसू आलं नाही. डोक्यात हिशेब सुरू झाला होता. कोंबडीच्या पोटाशी लागलेलं अंडं रात्रभर तापतं, कडेचं निम्मं थंड राहतं, कोंबडी मधेच चोचीनं उलटंपालटं करते. सकाळी सगळी भुशात, गाडीत पुन्हा गार. म्हणजे लुंबिनी ज्यांना एका वयाची समजत होती त्यातली काही रात्रीच जागी होऊन, आपसात बोलणी सुरू करून, मग थंडीत अर्ध्यातच गप्प झालेली होती. नंतर यंत्रात प्रत्येकानं आपापल्या जागेवरून पुढं सुरुवात केली. सहा आणि तेरा दोन्ही खरेच होते.

"मावशी," लुंबिनी म्हणाली, "पुढच्या वेळेला कोरीच आणा."

"कामून?"

"अभ्यासाला कोरीच लागतात."

"आन् पिलं बावळी निघाली मंजी? कुनाच्याबी मागं लागतील. न्हाई माय, तुझ्या आईला मी काय तोंड दावू?"

असं म्हणून ती गेली, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा कोंबडीखाली एक रात्र काढलेलीच अंडी घेऊन आली. लुंबिनीनं एक लगेच फोडून बघितलं. पांढऱ्या चकतीवर रेघ उमटलेली होती. कोऱ्या अंड्यात ती असत नाही.

"सांग तिला," मी म्हटलं.

"बाई, सांगितलं तर ती देणं बंद करेल."

"करू दे. नाहीतरी ही अंडी तुझ्या काय कामाची?"

"तिला किती लागेल मनाला."

"तुला तिच्या मनाची काळजी आहे की मार्चची?"

तिनं फोडलेलं अंडं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "दोन्हीची." हे उत्तर मला आवडलं. पण तोंडी सांगायची तिची हिंमत होईना, म्हणून आम्ही ठरवलं की चतुराबाईला आत न्यायचं आणि दाखवायचं.

ती जिना चढली कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबून भिंतीवरची चित्रं बघत. प्रयोगशाळेत पडदे ओढलेले होते. यंत्राची बारीक घरघर, दिव्याचा पिवळा गोळा, त्या गोळ्यात कापसावर ठेवलेलं एक अंडं. लुंबिनीनं आधीच खिडकी पाडून गर्भाखाली काळी शाई सोडली होती. तसं केलं की दुधी गर्भ अंधारावर उठून दिसतो. तिनं चतुराबाईला स्टुलावर बसवलं, भिंगाची उंची जुळवली.

"एक डोळा झाकू?"

"नाही मावशी, दोन्हींनी बघा."

चतुराबाई वाकली आणि तशीच राहिली. मी खरं तर अशा वेळी बोलते. शिकवायची सवय जात नाही. पण त्या खोलीत त्या दिवशी आवाज करावासा वाटेना. यंत्राची घरघर लांब कुठंतरी मालगाडी जावी तशी येत होती.

"रात हाय आत," ती शेवटी म्हणाली. "आन् रातीत कुनीतरी झोपलंय. पाठ करून."

"हो."

"पाठीवर दोन्ही बाजूंनी मणी हायत."

"त्या जोड्या. शेवटच्या मण्याच्या खाली बघत राहा मावशी. तिथं आता चीर पडेल; औषध टाकते त्या अंड्यांत पडत नाही."

"कोन पाडनार?"

"कुणी नाही. त्या आपसात ठरवतात."

चतुराबाई हसली. मग पुन्हा भिंगाला डोळे लावले. मी दुसऱ्या भिंगातून बघायला लागले. एकाच सूक्ष्मदर्शकाला दोघींसाठी नळ्या होत्या. आयुष्यभर काचेवर चिकटवलेले, रंगवलेले, मेलेले गर्भ मी पोरांना दाखवले. चीर पडायच्या आधीचा आणि पडल्यानंतरचा. पडताना बघायला बसायला वेळ कुणाला होता? तास संपायचा. आता दिसत होतं ते असं: सलग पट्ट्यात आधी एक शंका आल्यासारखं झालं. तिथला दुधी रंग किंचित पातळ झाला. एक कड आत वळली, तिच्या समोरचीही वळली, जशी साय फुंकरीनं दुभंगते, पण फुंकर कुणी घातली नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. वर, डोक्याच्या खाली, काहीतरी थरथरलं, थांबलं, पुन्हा थरथरलं.

"काळीज," लुंबिनी हळूच म्हणाली.

"म्हाईत हाय मला काळीज," चतुराबाई म्हणाली. "सुटली बग. सुटली, पन लांब न्हाई गेली. बाजूलाच हाय."

"लांब जाऊन कसं चालेल?" लुंबिनी म्हणाली. "त्यांना मिळूनच पाठ घडवायची असते."

तिनं मान वर केली नाही. मग भिंगातूनच विचारलं, "ह्याचं पिलू कवा निघनार?"

लुंबिनीनं माझ्याकडे बघितलं. मी ओढलेल्या पडद्यांकडे बघितलं.

"मावशी, याचं पिलू नाही निघणार. बघून झालं की मी थांबवते."

"ह्याचं?"

"सगळ्यांचंच."

"पयल्यापासून?"

"पहिल्यापासून."

चतुराबाई सरळ झाली. भिंगाच्या कडांचे गोल वळ तिच्या डोळ्यांभोवती उमटले होते. तिनं पदर डोक्यावर घेतला.

"मागं लिंबाचं झाड हाय का न्हाई?"

"नाही," मी म्हटलं. "मागं गाड्या लावायची जागा आहे."

तिनं रिकामं डालगं काखेत मारलं आणि जिना उतरली. या वेळी चित्रांकडे बघितलं नाही.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लुंबिनीच्या आईनं घरी जाऊन बघितलं, तर "काम हाय" म्हणाली आणि आत गेली. लुंबिनी विषय बदलायचा अर्ज लिहायला बसली. मी म्हटलं, तो अर्ज सोमवारपर्यंत कोराच ठेव, आणि रविवारी पहाटेच्या गाडीनं मुदखेड गाठलं. तिथून रिक्षा.

धुकं इतकं होतं की वस्तीतली घरं एकेक करून, जवळ गेल्यावरच, असल्यासारखी झाली. पंचशील ध्वजाचा खांब दिसला, मग दुधाचे कॅन, मग चतुराबाईचं अंगण. ती पितळी तपेल्यात पाणी तापवत होती. मला बघून तिनं बाज पुढं सरकवली आणि पाणी दिलं. खुराड्यात काही तरी पुटपुटत होतं.

"चूक लुंबिनीची आहे," मी सुरुवात केली. "तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"तिचीच हाय. मंग काय माझी?"

"जीव जातो तो तुम्हाला बघवला नाही, हे मला कळतं..."

"काय कळतंय?" ती फाडकन म्हणाली. "म्याडमबाई, मी अंडी इकते. लोकं नेत्यात, फोडत्यात, तेलात टाकत्यात. मी रडत बसते का? पावना आला की मी कोंबडी कापते. ह्या हातानं."

माझं वाक्य तिथंच तुटलं. अशी वेळ माझ्यावर फार येत नाही.

"या आत." तिनं मला मधल्या घरात नेलं. छताला दोन शिंकाळी टांगलेली. "हे खायाचं. हे उबवायचं. ह्याच्यात हाताला लागंल ते टाकते. ह्याच्यात निवडून ठिवते. गोल, साफ, जड. लुंबिनी 'पिलांचा अभ्यास' म्हनली म्हनून मी ह्याच्यातलं दिलं. दर बुधवारी कोंबडी बसवली. ती गरीब रातभर अंग फुगवून बसायची, आन् सकाळी खाली हात घालून मी समदं काढून न्यायची. तिला वाटायचं, निघाली आसतील पिलं, गेली आसतील कुठं. मलाबी तसंच वाटायचं. दोघीबी येड्या." ती थांबली. "आता ती बसंना झालीया. दाना टाकला तर खाती, खुराड्यात ठिवली तर बाहेर येती. तिचा इश्वास गेला. तो कोन आनून देनार, तुमचं कालेज?"

"नाही देऊ शकत," मी म्हटलं.

ती चुलीपाशी परत आली. जाळ सारखा केला. धुकं आता अंगणात उतरलं होतं. पलीकडची भिंत आहे की नाही, सांगता येत नव्हतं.

"ती औषध टाकती," ती म्हणाली. "मंग चीर पडत न्हाई?"

"पडत नाही. पडली तर वाकडी. दोन मणके एकात एक चिकटून राहतात."

"आसं कशाला करती?"

"कारण माणसांच्या लेकरांतही होतं कधी कधी. पाठ वाकडी घेऊनच जन्मतात. निरोप कुठं अडला, हे समजल्याशिवाय ते का होतं ते कळणार नाही."

"कळलं तर नीट व्हतंय?"

"लगेच नाही. माझ्या हयातीत तर नाहीच."

"तुम्ही लई खरं बोलता," ती म्हणाली. ती स्तुती नसावी.

मग उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात डालगं होतं. त्यातली अंडी लहानमोठी, काहींना घाण चिकटलेली, एक तर चक्क लांबुळकं.

"खायाच्यातली हायत. कोंबडा समद्यांना एकच, तवा गर्भ आसतील. कोंबडीखाली न्हाईत ठिवली. इथून पुढं हीच देईन, दर गुरुवारी. पन तिला सांगा, मी इचारलं तर 'चांगली हायत' म्हनायचं न्हाई. काय दिसलं ते सांगायचं."

"सांगते."

"आन् निवडून देनार न्हाई."

"नकोच निवडून."

"जावा आता, पाशिंजर चुकंल."

चुकली नाही. डबा जवळजवळ रिकामा होता. मी खिडकीशी बसले, डालगं मांडीवर. काचेबाहेर पांढरं, मागं जाणारं, बिनकडेचं काहीतरी. त्यात शेत कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. भुशात हात घातला. अंडी गार होती, सगळी सारखी गार. प्रत्येकात एक पांढरा ठिपका असणार, आणि त्या ठिपक्यात डोकं कुठलं, पाठ कुठली, हे अजून कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. गाडी हलत होती. मला भीती वाटली की माझ्या हाताची ऊब लागेल, म्हणून मी हात काढून घेतले आणि ते शालीत गुंडाळून बसले. नांदेड येईपर्यंत मी अंड्यांना हात लावला नाही.